वांदर रोटी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आमच्या गॅलरीत कोपऱ्यात एक मातीची कुंडी आहे. घरी आलेला प्रत्येक जण तिच्यापाशी थांबतो आणि विचारतो, "हे काय लावलंय? निवडुंग आहे का?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावं, म्हणजे विचारणाऱ्याला "वाचा" म्हणता येईल. शिवाय या झाडापायी मध्यंतरी जे घडलं, तेही सांगायचंच आहे.

तर मंडळी, या झाडाचं नाव वांदर रोटी. आणि हे निवडुंग नाही, सूर्यफुलाच्या घराण्यातलं आहे.

विश्वास बसत नाही ना? बघणाऱ्यांचाही बसत नाही. बोटापेक्षा जाड, गुळगुळीत, मांसल खोड. खोडावर गळून गेलेल्या पानांच्या खुणा. टोकाला तेवढी जाडजूड, निळसर झाक असलेली हिरवी पानं, देठाकडे निमुळती आणि पुढे रुंद. यात सूर्यफूल कुठे दिसतं?

आधी या घराण्याची थोडी ओळख करून देते. (शिकवायची सवय जात नाही, चालवून घ्या.) मी बी.ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. जन्मभर मुलांना मराठी आणि इतिहास शिकवला. वनस्पतिशास्त्राशी संबंध काय तो शाळेच्या पुस्तकापुरता. पण निवृत्तीनंतर टेकडीवर रोज फिरायला जाता जाता फुलांचा नाद लागला, आणि मग एकेक घराणं माहीत होत गेलं. सूर्यफुलाचं कूळ जगातल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी एक. पंचवीस हजारांच्या वर जाती. दसऱ्याचा झेंडू यातलाच, वेणीतली शेवंती यातलीच, करडईचं तेल याच घरचं आणि केसांना लावायचा माकाही याच घरचा. टेकडीवर बारा महिने दिसणारी एकदांडी आणि पावसाळा सरताना सह्याद्रीचे उतार पिवळे करणारी सोनकी, याही त्याच घरच्या. आणि ज्याने साऱ्यांचा जीव नकोसा केला ते गाजर गवतही त्याच कुळातलं. भारतात ते फोफावत असल्याची नोंद पहिल्यांदा १९५० च्या दशकात झाली ती आपल्या पुण्यातूनच. मोठ्या घराण्यात सगळ्या प्रकारची माणसं असायचीच!

या घराण्याची खूण एकच. ज्याला आपण 'एक फूल' म्हणतो ते एक नसतं, ते अनेक फुलांचं एकत्र कुटुंब असतं. सूर्यफुलाच्या मधल्या तबकडीतलं प्रत्येक बारीक टिकलीएवढं काहीतरी म्हणजे एक पूर्ण फूल. कडेच्या पिवळ्या 'पाकळ्या' म्हणजेही एकेक फूलच. मधल्यांना बिंबपुष्पकं म्हणतात आणि कडेच्यांना किरणपुष्पकं. नावं किती सुरेख आहेत बघा. पण घरातल्या सगळ्यांकडे दोन्ही असतातच असं नाही. वांदर रोटीकडे किरणं नाहीत, नुसतं बिंब. म्हणून ओळख पटायला वेळ लागतो.

माझ्याकडे हे झाड आलं ते असं. चारेक वर्षांपूर्वी आम्ही काही निवृत्त मंडळी भोरच्या बाजूला गेलो होतो. वाटेत एका घाटात रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. जेसीबीने कातळाची एक बाजू खरवडून काढली होती आणि मुरमाचा ढीग रस्त्याकडेला पडला होता. चहासाठी गाडी थांबली तेव्हा त्या ढिगात एक तुटलेलं खोड दिसलं. मुळं नव्हती, टोकाची चार पानं तेवढी शिल्लक होती. वर पाहिलं तर खरवडलेल्या कातळाच्या वरच्या अंगाला, माणसाचा हात पोचणार नाही अशा भेगांतून तशीच आणखी झाडं उभी होती. तिथे माती अशी नव्हतीच. काळ्या दगडात बोटभर फट आणि त्यात हे झाड.

रानातलं उभं झाड मी कधी उपटत नाही. पण हे ढिगातलं खोड दुसऱ्या दिवशी डंपरमधून कुठल्या तरी भरावात जाणार होतं. पदराखाली घ्यावं तसं ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं.

आता नाव काय? बरोबरच्यांपैकी एकीने ठामपणे सांगितलं, पानफुटी. दुसरे म्हणाले, हा निवडुंगातलाच प्रकार, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. नातीने मोबाइलवर फोटो काढून विचारलं तर मोबाइलने तीन नावं सुचवली, त्यातली दोन आफ्रिकेतली. "आजी, त्याला फूल नाही ना, मग त्याला कळत नाही," इति नात. मला हे पटलं. फुलाशिवाय झाड ओळखणं म्हणजे अक्षर न पाहता पत्र कोणाचं ते ओळखणं.

तरी फूल येईपर्यंत काही गोष्टी ताडून पाहता येतात. पानफुटीची पानं समोरासमोर जोडीने येतात, इथे एकाआड एक होती. पानफुटीच्या पानाच्या कडेला खाचा असतात, इथे कडा साफ होत्या. शेर-निवडुंग म्हणावं तर तुटल्या जागी पांढरा चीक यायला हवा, इथे नुसतं पाणी. काटा तर औषधालाही नव्हता. म्हणजे काय नाही ते कळलं. काय आहे ते कळायला दिवाळी उलटून जायची वाट पाहावी लागली, आणि तीही पहिल्या वर्षीची नव्हे, दुसऱ्या वर्षीची.

त्या वर्षी नोव्हेंबरात टोकाच्या पानांतून एक लांब दांडा वर आला. दांड्याला तीन-चार कळ्या, प्रत्येक कळीभोवती हिरव्या लांबट छदांची एकच रांग, जणू बारीक पट्ट्यांचा पेला. एके सकाळी तो पेला उघडला. आत फिकट पिवळसर, साईसारख्या रंगाच्या बारीक नळ्यांचा जुडगा. सुंदर म्हणाल तर पहिल्या नजरेत नाही. गुलाबाशेजारी ठेवलं तर कोणी वळून बघणार नाही. पण मी भिंग घेऊन बसले आणि एक तास कसा गेला कळलं नाही.

प्रत्येक नळी म्हणजे एक फूल. नळीच्या तोंडाशी पाच बारीक पाळ्या. आत पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची एक बारीक नळकांडी झालेली. त्या नळकांड्यातून मधली काडी वर सरकते आणि पिचकारीच्या दट्ट्यासारखी आपल्याबरोबर पराग बाहेर ढकलते. पराग किडे-माश्या घेऊन गेले की मग त्या काडीची दोन टोकं वेगळी होऊन बाहेर वळतात, दुसऱ्या फुलाचा पराग घ्यायला. आधी द्यायचं, मग घ्यायचं. ही सूर्यफूल कुळाची रीत. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, अगं, शेवंती, झेंडू जन्मभर ओवलेस आणि हे कधी पाहायला बसली नाहीस!

फोटो काढून एका जुन्या विद्यार्थिनीला पाठवले. ती एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. संध्याकाळी तिचा फोन. "बाई, अभिनंदन. वांदर रोटी आहे तुमच्याकडे." मग तिने कुकसाहेबांच्या ग्रंथातलं वर्णन फोनवर वाचून दाखवलं आणि मी कुंडीसमोर उभी राहून एकेक गोष्ट तपासत "हो", "हो" म्हणत होते. पूर्वी मी विचारायचे आणि ती हो म्हणायची!

हे कुक म्हणजे थिओडोर कुक. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राचार्य. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक आजही तो उघडतात. गंमत म्हणजे कुक मूळचे अभियंते. आणि अलीकडे आपल्यासारख्या सामान्यांना सह्याद्रीतली फुलं फोटोंसह ओळखता यावीत म्हणून २००१ साली 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक काढणारे पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर, तेही अभियंतेच. तेव्हा बी.ए. मराठीवाल्यांनी अगदीच हातपाय गाळायचं कारण नाही.

शास्त्रीय नाव क्लायनिया ग्रँडिफ्लोरा. जुन्या पुस्तकांत नोटोनिया ग्रँडिफ्लोरा असं सापडतं. ग्रँडिफ्लोरा म्हणजे मोठ्या फुलाची. दख्खनच्या आणि दक्षिणेच्या खडकाळ डोंगरांवर ही वाढते, श्रीलंकेतही आहे. मला मात्र आपलं मराठी नाव जास्त आवडतं. वानराची रोटी. पान हातात घेतलं की जाड, छोट्या भाकरीच्या तुकड्यासारखंच लागतं. आता आपल्याकडे घरात भाकरी असते, पोळी असते. रोटी हा शब्द आपण रोटी-बेटी व्यवहारात वापरतो किंवा हॉटेलात. तरी या झाडाच्या नावात तो टिकला. शब्दही असे कातळाच्या फटीत तग धरून राहतात.

नाव कळल्यावर माझ्यातली इतिहासाची शिक्षिका जागी झाली. या झाडाचा धागा दापोडीपर्यंत पोचतो. दापोडीला मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला होता आणि त्याच्या आवारात वनस्पती उद्यान. १८३८ पासून त्याची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश सर्जनकडे होती. पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांनी मिळून 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. दापोडीच्या बागेतल्या वनस्पतींची चित्रं गिब्सननी एका चित्रकाराकडून काढून घेतली होती. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर पुस्तक लिहिलं. चित्रांखाली झाडांची नावं आहेत, काढणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. झाडाचं एक पान चुकीचं आलं तर शास्त्रज्ञ हळहळतात; ते पान ज्याने इतकं हुबेहूब काढलं त्याचं नाव लिहून ठेवावं हे त्या वेळी कोणाला सुचलं नाही. असो.

तर या गिब्सननी १८६० च्या सुमारास वांदर रोटीची आणखी एक माहिती पुढे आणली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर हिचा उपयोग होतो, असं. ती जुन्या औषधी ग्रंथांत नोंदली गेली आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिली. लक्षात घ्या, तेव्हा रेबीजवर लस नव्हती. पाश्चरनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस दिली ती जुलै १८८५ मध्ये. त्याआधी माणूस चाव्यानंतर जे मिळेल ते करून बघत असणार. शिवाय चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, आणि पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असंही नाही. अशा वाचलेल्या माणसाने जे झाड खाल्लं असेल, ते औषध ठरतं. जो वाचला नाही तो सांगायला येत नाही.

हे मी आज इतकं नीट मांडू शकते याला कारण गेल्या वर्षीचा एक प्रसंग.

आमच्या सोसायटीचे रखवालदार परभणीकडचे. आठ वर्षांचा मुलगा, बायको आणि ते गेटजवळच्या खोलीत राहतात. झाडांना पाणी घालायला मी बाहेरगावी असताना तेच येतात, त्यामुळे ही कुंडी त्यांच्या ओळखीची, नावही मीच सांगितलेलं. एके संध्याकाळी दार वाजलं. बघते तर ते उभे, धापा टाकत. "काकू, पोराला कुत्रं चावलं. पोटरीला. ती वांदर रोटीची दोन पानं द्या."

मी विचारलं, "कोणी सांगितलं?" तर गावाकडून फोनवर त्यांच्या सासऱ्यांनी. गावातल्या कोणा जाणत्याने नाव घेतलं होतं आणि यांना आठवलं की ते झाड काकूंच्या गॅलरीत आहे. दैवानेच आणून ठेवलंय असं त्यांना वाटत होतं. चेहऱ्यावर इतका दिलासा होता की माझ्या पोटात कालवलं.

मी म्हटलं, "पान देणार नाही. आधी पोराला नळाखाली बसवा, मी आले."

त्यांना राग आला. बोलले नाहीत, पण दिसला. दोन पानं मागितली तर म्हातारी नाही म्हणते! मी साबणाची वडी घेऊन खाली गेले. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटं. पोरगं रडत होतं, आई त्याहून जास्त. वर हळद नाही, चुना नाही, पट्टी नाही. धुताना मी त्यांना सांगत होते, जसं वर्गात सांगायचे तसं. या रोगाची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही, मग कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही. पण लक्षणं दिसण्याआधी, चावल्याबरोबर लस सुरू केली आणि सगळी इंजेक्शनं पुरी केली तर रोग टळतो. झाडपाल्यात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत.

"पण काकू, दोन्ही केलं तर?" त्यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, "दोन्ही केलं आणि पोरगं बरं झालं, तर गावाकडे काय सांगाल? पानाने बरं झालं असंच ना? मग पुढच्या पोराला लोक नुसतं पानच देतील." शिवाय सोनकी, वांदर रोटी यांच्या गटातल्या कित्येक वनस्पतींत यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात. लहान मुलाला असलं काही चारायचं नाही.

ते गप्प झाले. रिक्षाने आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. जखम खोल होती म्हणून डॉक्टरांनी लसीबरोबर जखमेभोवती दुसरं इंजेक्शनही दिलं. पुढच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या. ते कार्ड मी माझ्याच फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं आणि एकेक तारीख पार पडली की पोरगं येऊन स्वतः खूण करायचं. आता ते तिसरीत आहे, पळापळ चालू असते. कुत्र्याला मात्र अजून भितं.

त्यानंतर काही दिवस माझ्या मनात येत होतं, या झाडाचं नाव कोणाला सांगूच नये का? गिब्सनची गोष्ट तर अजिबात नको. पण नाव लपवून काय होणार? गावात ते माहीत आहेच, जुन्या पुस्तकांत आहेच, आणि आता मोबाइलवर 'औषधी गुणधर्म' म्हणून कोणीही काहीही फिरवतं. अर्धी गोष्ट आधीच पसरलेली आहे. मग उरलेली अर्धी आपण सांगायला हवी. म्हणून हा लेख.

आता लागवडीबद्दल, कारण भाच्याने अमेरिकेतून दोनदा विचारलंय. (तिकडे पाठवता येणार नाही रे बाबा, कायद्याने मनाई आहे. वाचून समाधान मान.)

फांदी लावायची तर तोडल्याबरोबर मातीत खुपसू नये. सावलीत पाच-सात दिवस तशीच ठेवायची, म्हणजे तोडलेला भाग सुकून त्यावर खपली धरते. माझं ते ढिगातलं खोड आठवडाभर वर्तमानपत्रावर पडून होतं आणि त्याला काही झालं नाही. कुंडी मातीचीच, खाली मोठं भोक असलेली. त्यात दोन भाग मुरूम आणि जाड वाळू, एक भाग माती, मूठभर जुनं शेणखत. काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. सुरुवातीला आठ-दहा दिवसांनी थोडं पाणी. नवं पान हललं की मूळ धरलं समजावं.

पावसाबद्दल लोकांना कोडं पडतं. घाटात धो धो पावसात हे झाड मजेत असतं, मग कुंडीत पुण्याच्या पावसाने का कुजावं? कारण कातळावर पाणी पडतं आणि वाहून जातं, मुळाशी थांबत नाही. कुंडीत ते थांबतं. म्हणून पावसाळ्यात माझी कुंडी भिंतीकडेला पागोळीच्या आत असते, खाली दोन विटांच्या तुकड्यांवर ठेवलेली. उन्हाळ्यात खालची पानं गळतात, खोड सुरकुततं. घाबरून पाणी ओतायचं नाही. ते खोडात साठवलेल्यावर जगत असतं. ऊन भरपूर हवं, नाहीतर खोड नुसतंच लांबतं आणि फूल येत नाही.

फुलं सरली की बी धरतं. पेला उलगडतो आणि आतून पांढऱ्याशुभ्र रेशमी केसांचा गोंडा बाहेर येतो. लहानपणी आपण म्हातारी उडवायचो ना, तसंच. एक झुळूक आली की एकेक बी आपली छत्री घेऊन निघतं. मागच्या हिवाळ्यात मी एका फुलाचं बी वाऱ्याआधी गोळा करून वाळूत वरवर टाकलं, बारीक पाणी शिंपडत राहिले. काही रोपं उगवली. पहिल्या दोन पानांनंतरची पानंसुद्धा अगदी इवल्या भाकऱ्यांसारखी जाड. फांदीपेक्षा या रोपांना वेळ लागणार, पण घाई कोणाला आहे? मला तर मुळीच नाही.

त्या घाटातला रस्ता आता पूर्ण झाला आहे. यंदा फेब्रुवारीत तिकडून गेलो तेव्हा गाडी मुद्दाम थांबवली. खरवडलेल्या भिंतीवर अजून काही नाही, नुसता कोरा दगड. वरच्या अंगाची झाडं मात्र जागच्या जागी आहेत आणि त्यांचे पांढरे गोंडे उन्हात चमकत होते. वारा खाली रस्त्याकडे होता. एखादं बी त्या कोऱ्या भिंतीच्या भेगेत अडकेलच.

यंदा माझ्याकडे पाच फांद्या मूळ धरून तयार आहेत. ओळखीच्यांपैकी ज्यांना हवी त्यांनी न्यावी. प्रत्येक कुंडीला मी जाड कागदाची चिठ्ठी बांधली आहे. एका बाजूला लिहिलंय, 'वांदर रोटी, सूर्यफूल कुळातली. ऊन द्या, पाणी बेताने.' दुसऱ्या बाजूला, 'कुत्रं चावल्यावर औषध नाही. जखम साबणाने धुवा आणि लगेच लस घ्या.' चिठ्ठी सोडून नुसतं झाड मागितलं तर मिळणार नाही!

तुमच्या गावाकडे हिला दुसरं काही नाव असेल तर जरूर कळवा. वहीत लिहून ठेवीन.